कोन्सोची पौळ

आप्पा आमच्याकडे ख्राइस्टचर्चला आले तेव्हा घरामागचा सगळा उतार काळ्या प्लास्टिकने झाकलेला होता. भूकंपात तिथली जुनी उंच भिंत कोसळली होती आणि तिचे दगड परसात जिथे पडले तिथेच पडून होते. घरमालक म्हणायचा, इन्शुरन्सवाले बघून गेलेत, आता होईलच काम. त्या पडक्या भिंतीमुळेच घराचं भाडं कमी होतं आणि म्हणून आम्ही रिकार्टनच्या दोन खोल्या सोडून टेकडीवरच्या या घरात आलो होतो. आईला रिकार्टन सोडताना वाईट वाटलं होतं. तिथे चार पावलांवर इंडियन दुकान होतं, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, फ्रीझरमधला शेवग्याचा पाला, सगळं मिळायचं. टेकडीवर फक्त एक डेअरी होती, म्हणजे कोपऱ्यावरचं दूध-पावाचं दुकान, आणि भरपूर वारा. तो वारा प्लास्टिकमध्ये शिरला की सगळं परस फुगायचं आणि फडाफडा वाजायचं. मला तेव्हा तेरावं लागलं होतं. मी शाळेत इंग्रजी, घरात मराठी आणि आईने रागावल्यावर पुन्हा इंग्रजी बोलायचे.

बाबा पुण्याहून आलेले इंजिनिअर, आणि त्यांचं काम नेमकं भिंतींचंच होतं. पडलेल्या टेकड्या पुन्हा कशा धरून ठेवायच्या याची गणितं ते दिवसभर ऑफिसात करायचे. घरी आले की मात्र मागच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. मला वाटायचं, दिवसभर तेच बघून कंटाळा येत असेल. आप्पा म्हणजे बाबांचे वडील. आजी गेल्यापासून ते वाघोलीला एकटे राहत होते. त्यांच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की ते 'क्वारीच्या बिझनेसमध्ये' होते. बाबा हे वाक्य इंग्रजीतच म्हणायचे, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर टेबल, फाइली आणि पंखा असलेलं एक ऑफिस होतं आणि खुर्चीवर आप्पा.

पहिल्याच सकाळी आप्पा चहा पिऊन मागच्या दाराने बाहेर गेले. आईने त्यांच्यासाठी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणून ठेवल्या होत्या, त्या तशाच पायपुसण्यावर राहिल्या. ते अनवाणी त्या ढिगाऱ्यात उकिडवे बसले, अंगठा थुंकीने ओला करून एका दगडावर फिरवला, मग दुसरा लहान दगड घेऊन त्यावर टकटक केलं आणि कान दिला.

"बाय," ते मला म्हणाले, "ह्यो तर आपलाच दगूड हाय की."

मी हसले. म्हटलं, "आप्पा, हा न्यूझीलंडचा दगड आहे."

"आसंल. पर आपलाच हाय. काळा. आत्ता बग, वाजतो कसा." त्यांनी पुन्हा ठोकून दाखवलं. पुढे कित्येक वर्षांनी मला कळलं की आमची ती टेकडी म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीची कड आहे आणि तिचा दगड नि वाघोलीच्या खाणीतला दगड एकाच जातकुळीचे आहेत. आप्पांना ते थुंकीने आणि कानाने कळलं होतं. आज मी स्वतः नवा दगड हातात घेतला की आधी अंगठा ओला करते. माझ्याबरोबर काम करणारी पोरं त्याला हसतात. हसू देत.

उताराच्या वरच्या अंगाला दुसरं घर होतं. तिथे अस्तेर नावाची हॉस्पिटलमधली नर्स आणि तिचे वडील गेलेबो राहत. गेलेबो सत्तरीचे, उंच, काटकुळे, उन्हाळ्यातही लोकरीची टोपी आणि पायात गमबूट. इथिओपियाच्या दक्षिणेच्या डोंगरात कोन्सो नावाचा मुलूख आहे, तिथले ते. बायको वारल्यावर लेकीने त्यांना इथे आणलं होतं. आम्ही एकमेकांना 'किआ ओरा' म्हणायचो, म्हणजे इथला माओरी नमस्कार, त्यापुढे कधी बोलणं गेलं नव्हतं. त्या दिवशी ते वरून वाकून आप्पांचं दगड वाजवणं बघत होते. थोड्या वेळाने प्लास्टिकच्या कडेने घसरत खाली आले, आप्पांसमोर बसले आणि दगडावर हात ठेवून म्हणाले, "डगा." निदान माझ्या कानाला तसं ऐकू आलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "मराठी येतंय व्हय ह्यांना?"

मी इंग्रजीत विचारलं. गेलेबोंच्या भाषेत दगडाला तोच, किंवा अगदी त्याच्या जवळचा शब्द होता. आप्पांना याचं इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी आईला हाक मारून चहा मागवला. त्या दिवसापासून मी त्या दोघांची दुभाषी झाले. शाळेतून आले की दप्तर टाकून परसात. माझी आप्पांशी खरी ओळख त्या तीन-चार महिन्यांत झाली, आणि तीही दुसऱ्या कुणाला त्यांचं बोलणं सांगता सांगता.

अस्तेरने एका रविवारी आम्हाला वर बोलावून टॅबलेटवर कोन्सोचे फोटो दाखवले. एक डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी पायऱ्यांनी बांधलेला, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा, नजर जाईल तिथवर. प्रत्येक पायरीवर अरुंद शेत, शेतात ज्वारी, मध्ये मध्ये कडधान्य आणि शेवग्याच्या जातीची झाडं. डोंगरमाथ्यावर गावं, आणि गावांभोवती माणसापेक्षा उंच दगडी तट, एकात एक. कुठेही सिमेंट नाही, चुना नाही. गेलेबो म्हणाले की त्या डोंगरावर पाऊस कमी, पण येतो तेव्हा सगळी माती घेऊन जायला येतो. म्हणून माणसांनी पायऱ्या बांधल्या. पाऊस संपला की पडलेला भाग पुन्हा रचायचा. एकट्याने नाही, वस्तीच्या वस्तीने जायचं, आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. तरुण मुलं रात्री घरी झोपत नाहीत, गावाच्या सामायिक घरात एकत्र झोपतात, आग लागली किंवा बांध फुटला तर हाकेसरशी सगळे हजर असावेत म्हणून. थोडीच वर्षं आधी हा सगळा मुलूख जगाच्या वारसायादीत घेतला होता. अस्तेरने ते अभिमानाने सांगितलं. गेलेबोंनी हात हलवला. "यादीत नाव लागलं म्हणून भिंत उभी राहत नाही," ते म्हणाले. "रोज कुणीतरी दगड ठेवावा लागतो."

आप्पांनी तो टॅबलेट मांडीवर घेतला आणि खूप वेळ दिला नाही. "बाय, इचार त्येंना, ह्यो एवढा डोंगूर कुणी बांदला?"

मी विचारलं. गेलेबो म्हणाले, "त्यांना सांग, वीस पिढ्या झाल्या. अजून बांधतोच आहोत."

"आन मालक कोन?"

"ज्याचं शेत त्याचाच बांध."

आप्पांनी मान हलवली आणि टॅबलेट परत दिला. हा प्रश्न त्यांनी का विचारला ते मला तेव्हा समजलं नाही.

पौळ घालायची कल्पना गेलेबोंची. पौळ हा शब्द मला आप्पांनी दिला. नुसत्या दगडांवर दगड रचून, माती-सिमेंट न वापरता घातलेली भिंत म्हणजे पौळ. अस्तेरचा इन्शुरन्सही असाच लोंबकळत होता आणि उतार दर पावसात थोडा थोडा खाली येत होता. एका उंच भिंतीऐवजी कोन्सोसारख्या तीन बुटक्या पौळी घालायच्या आणि मध्ये दोन पायऱ्या सोडायच्या, असं गेलेबोंनी जमिनीवर काठीने काढून दाखवलं. घरमालकाला फोन केला तर तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, दगड घ्या सगळे." बाबांना विचारलं तेव्हा ते लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाले, "दीड मीटरच्या आत असेल तर परवानगी लागत नाही. करा." बाहेर येऊन बघितलं मात्र नाही.

काम सुरू झालं ते उन्हाळ्याच्या शेवटाला. काळं प्लास्टिक निघालं आणि परस एकदम मोठं दिसायला लागलं. सगळ्यात मोठे दगड तळाला, प्रत्येक दगडाचा लांब भाग आत मातीत, भिंतीचा कल उताराकडे, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि पाठीमागे बारीक दगडांची भर, म्हणजे पाण्याला वाट राहते. हे सगळं दोघांनाही आधीपासून येत होतं. गेलेबो एखादा दगड उचलायचे आणि आप्पा बोलायच्या आधीच जागा मोकळी करून ठेवायचे. भांडण एकाच गोष्टीवरून झालं. आप्पांना दर्शनी बाजूचा प्रत्येक दगड छिन्नीने घडवायचा होता. गेलेबोंचं म्हणणं, दगडाला त्याचं तोंड असतं, ते शोधायचं, बदलायचं नाही.

"मग कारागिरानं करायचं काय?" आप्पा म्हणाले. "नुस्तं हमाली?"

मी ते भाषांतर करून सांगितलं. गेलेबो म्हणाले, "कारागिराने बघायचं. बघायला जास्त वेळ लागतो, हे त्यांना सांग."

आप्पा दोन तास रुसून बसले. शेवटी असं ठरलं की खालची पौळ कोन्सोची, मधली वाघोलीची, आणि वरची, अस्तेरच्या हद्दीतली, तिचं पुढे बघू. मधल्या पौळीसाठी आप्पा जेव्हा घण चालवायचे तेव्हा त्यांच्या दगडाच्या अचूक दोन फाका व्हायच्या, ब्रेड कापल्यासारख्या. दुपारी आई सगळ्यांना ज्वारीची भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी द्यायची. गेलेबोंनी पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा भाकरी हातात धरून नुसती हुंगली. त्यांच्याकडे ज्वारीच्या पिठाचे गोळे याच पाल्याबरोबर उकडतात. पुढच्या आठवड्यात त्यांनी तसे करून आणले. आप्पांनी चार खाल्ले आणि वर लसणीची चटणी मागितली. आईला रिकार्टनला जाण्यासाठी एवढं निमित्त पुरे होतं. दर शनिवारी बसने जाऊन ती फ्रीझरमधला सगळा पाला उचलून आणायची.

एप्रिलमध्ये आमची पर्मनंट रेसिडेन्सी झाली. बाबांनी इथल्या मराठी मंडळातल्या तीन घरांना रविवारी जेवायला बोलावलं. आईने पुरणपोळ्या केल्या. पाहुणे आले तेव्हा आप्पा मागे काम करत होते. त्यांना रविवार-सोमवारचा हिशोब राहत नसे. बनियन, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, डोक्याला फडकं, अंगभर दगडाची पांढरट धूळ. सुलभाकाकू खिडकीशी उभ्या राहून कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई, या वयात? जाधव, तुमच्या वडिलांना ही सवय कुठून?" त्यांच्या विचारण्यात काहीच वाकडं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

बाबा चटकन म्हणाले, "त्यांना बागकामाची आवड आहे हो. गावाकडे आमची थोडी शेती आहे ना."

खिडकी उघडी होती. आप्पांचा हात थांबला. त्यांनी घण दगडाला टेकवून उभा केला, नळावर हातपाय धुतले, खोलीत जाऊन सदरा घातला आणि पाहुण्यांत येऊन बसले. जेवताना कुणी विचारलं तर "हो", "बरं आहे" एवढंच, तेही जपून, शुद्ध. दुसऱ्या दिवसापासून ते परसात गेले नाहीत. टीव्हीसमोर बसायचे, टीव्ही बंद असायचा. चार दिवसांनी त्यांनी आईला विचारलं की तिकीट अलीकडचं करता येतं का.

वाघोलीला आमची शेती नव्हती हे मला माहीत होतं. म्हणून मी आईला विचारलं. ती भांडी लावत होती, लावतच राहिली. मग तिने सांगितलं. आम्ही वडार. आप्पा, त्यांचे वडील, त्यांच्या आधीचे, सगळे दगड फोडणारे. खाण दुसऱ्याची, दगड दुसऱ्याचा, त्या दगडाची घरंही दुसऱ्यांची. बाबा बारावीपर्यंत दर सुट्टीत खाणीवर असत. त्यांच्या नडगीवरचा तो व्रण, जो मला सायकलवरून पडल्याचा म्हणून सांगितला होता, तो कपची उडून झालेला होता. आमच्या आडनावावरून कुणाला काही कळत नसे, लोक आपल्याला हवं ते समजून घेत आणि बाबा समजू देत. "खोटं कधी बोलले नाहीत गं," आई म्हणाली. "गप्प राहिले." आणि पुढची थाळी लावत, "त्या दिवशी बोलले." घरात एक बोली होती, तेलुगूसारखी, तीसुद्धा त्यांनी मला दिली नव्हती. हे ऐकून मला लाज वगैरे वाटली नाही. मला फार राग आला. इतकं मोठं काहीतरी घरात होतं आणि मला पंखा असलेलं ऑफिस दिलं गेलं होतं.

गेलेबो एकटेच वरच्या पौळीवर काम करत राहिले. मे महिन्यात एक दगड निसटून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं चेचली. तोवर त्यांनी उताराची माती पौळीसाठी उभी कापून ठेवली होती, आणि त्या आठवड्यात मोठा पाऊस सांगितला होता. शनिवारी सकाळी हाताला पांढरं बँडेज बांधून ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. आप्पा टेबलाशी बसले होते, बाबा बेसिनमध्ये कप धूत होते.

गेलेबो मला म्हणाले, "विचार त्यांना, माझ्याकडून काही चुकलं का?"

मी विचारलं. आप्पा म्हणाले, "न्हाई. त्येंचं काय बी चुकलं न्हाई. मी लेकाच्या घरात पाव्हणा हाय. पाव्हण्यानं पाव्हण्यावानी ऱ्हावं, एवढंच सांग."

मी तेवढं सांगितलं. आणि मग, कुणी न सांगता, पुढे इंग्रजीत म्हणाले, "ते थांबले कारण डॅडना त्यांची लाज वाटते. डॅडनी लोकांना सांगितलं की त्यांना बागकाम आवडतं."

नळ बंद झाला. "अक्षता," बाबा म्हणाले.

गेलेबो आत येऊन खुर्चीवर बसले. बँडेजचा हात त्यांनी छातीशी धरला होता. बाबांकडे न बघता, टेबलाकडे बघत ते हळूहळू बोलले. त्यांचे वडील लोहार होते. कोन्सोत शेत करणारे वेगळे आणि लोखंड, मडकी, कातडं करणारे वेगळे. त्यांच्यात सोयरीक होत नसे. ज्या कुदळींनी त्या डोंगरावरची एकूण एक पायरी खणली गेली, त्या त्यांच्या घरात घडल्या, पण त्या डोंगरावर त्यांच्या बापाची एक वीतभर पायरी नव्हती. गेलेबो पौळ घालायला शिकले ते दुसऱ्यांच्या शेतात राबून. "हा टॅबलेटवरचा डोंगर मी सगळ्यांना दाखवतो," ते म्हणाले. "माझा म्हणूनच दाखवतो. कुदळ आमची होती. पण स्वतःच्या जमिनीवर पौळ मी पहिल्यांदा घालतोय ती इथे. माझ्या मुलीच्या घरामागे."

मी हे आप्पांना मराठीत सांगत होते. माझं मराठी अपुरं पडत होतं आणि मध्येच एका शब्दावर मी अडले. तो शब्द बाबांनी पुरवला. मग बाकीचं सगळं बाबांनीच सांगितलं, आप्पांसमोर उभं राहून, हात ओले तसेच. सांगून झाल्यावर ते गेलेबोंना इंग्रजीत म्हणाले, "माझे वडील दगड फोडायचे. दुसऱ्याच्या खाणीत. त्यांचे वडीलही."

गेलेबो म्हणाले, "मग तुला येत असेल."

"येतं," बाबा म्हणाले.

ते गॅरेजमध्ये गेले आणि जुनी पँट घालून आले. माफी वगैरे आमच्याकडे कधी कुणी शब्दांत मागत नाही. परसात जाऊन त्यांनी घण उचलला, एक मोठा दगड पायाने फिरवून त्याची शीर शोधली आणि मारला. दगड फुटला नाही. दुसऱ्यांदा मारला, कोपरा उडाला. मी खिडकीत होते. आप्पा माझ्या शेजारून चालत बाहेर गेले, अनवाणी.

"खांदा नगं उचलूस," ते म्हणाले. "मनगाट सोड. किती येळा सांगितलंय."

तिसऱ्या घावाला दगडाच्या दोन फाका झाल्या. वडील आणि मुलगा दोघंही त्या उघड्या पडलेल्या काळ्या निळसर पृष्ठभागाकडे बघत राहिले, आणि बाबांनी अंगठा ओला करून त्यावर फिरवला.

पाऊस यायला दोन दिवस होते आणि तीन माणसांचं ते काम नव्हतं. संध्याकाळी बाबांनी फोन हातात घेतला. मी समोर बसले होते, त्यांनी मला जायला सांगितलं नाही. प्रत्येकाला तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत. "उद्या घरी वर्किंग बी आहे, सगळ्यांनी मिळून करायचं काम. मागची पौळ पावसाआधी पुरी करायची आहे. माझे वडील घालतायत. आम्ही वडार आहोत, दगडाचंच काम आमच्या घराण्याचं. हात द्यायला येत असाल तर या." पलीकडे काय बोललं जात होतं ते मला ऐकू येत नव्हतं. एक फोन फार लवकर संपला. बाबांनी पुढचा नंबर लावला.

रविवारी सकाळी सात माणसं आली. अस्तेरने तिच्या वॉर्डमधल्या दोघांना आणलं. मंडळातल्या तीन घरांपैकी एक घर आलं नाही, पुढेही त्यांचं येणं कमी कमी होत थांबलं, आणि कारण कधी कुणी सांगितलं नाही. सुलभाकाकू आल्या. नवरा आला नव्हता, त्या एकट्याच गाडी चालवत आल्या, आणि दिवसभर बादलीने बारीक दगड वाहत राहिल्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कांबळेकाका सगळ्यात आधी आले होते. ते बौद्ध, नागपूरकडचे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, बाबांच्याच ऑफिसात. दुपारी भाकरी खाताना मी बाबांच्या शेजारी होते तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "जाधव, मी पहिल्या दिवशी आडनाव सांगितलं की समोरच्याचा हिशोब पूर्ण होतो. तुम्हाला न सांगायची सोय होती. मला तुमचा कधी कधी हेवा वाटायचा."

बाबांनी घास तसाच हातात ठेवला. "माझं चुकलंच," ते म्हणाले.

"चुकलं असं नाही म्हणत मी," कांबळेकाका म्हणाले. "आज बरं वाटलं, एवढंच." आणि मग त्यांनी आणखी चटणी मागितली.

दोन्ही म्हातारे उताराच्या दोन टोकांना उभे होते, एकाचा हात बांधलेला, दुसऱ्याची कंबर धरलेली. दगड आम्ही उचलत होतो, जागा ते दाखवत होते. वरच्या पौळीत घडवलेला दगडही लागला आणि तसाच ठेवलेलाही. घाईत कुणाचंच धोरण टिकलं नाही. दिवेलागणीच्या आधी शेवटची ओळ बसली. गेलेबो म्हणाले की त्यांच्याकडे मोठं काम पार पडलं की एक दगड उभा करून ठेवतात, कुणाच्या नावाचा नाही, त्या सगळ्यांचा. त्यांनी आप्पांना दगड निवडायला सांगितला. आप्पांनी परसभर फिरून एक उंच, ओबडधोबड दगड निवडला. कुणीतरी त्यांना छिन्नी दिली तर ती परत केली. दगड मधल्या पायरीवर उभा राहिला. माझ्यासकट तिथल्या सगळ्यांनी त्याला एकदा हात लावला.

पाऊस मंगळवारी आला आणि तीन दिवस राहिला. बुधवारी दुपारी बाबा ऑफिसातून लवकर आले, रेनकोट घालून मागे गेले आणि पौळीसमोर उकिडवे बसले. दगडांच्या फटींतून पाणी बारीक बारीक धारांनी बाहेर येत होतं, स्वच्छ, मातीशिवाय. मी छत्री घेऊन गेले. ते म्हणाले, "बघ, कुठेही तुंबलं नाही. सगळीकडून थोडं थोडं सोडतेय." मग त्यांनी मला फटी मोजायच्या कशा, कल किती अंश ठेवलाय, मागच्या भरीचं काम काय, हे सगळं समजावलं, इंजिनिअरच्या भाषेत. मध्येच आप्पांचे शब्द येत होते. मी त्या दिवशी पूर्ण भिजले, आणि माझ्या पुढच्या आयुष्याचा धंदा, पौळी घालण्याचा, बहुधा तिथेच ठरला, जरी मला ते कळायला आणखी सहा वर्षं आणि विद्यापीठातला एक चुकीचा कोर्स जावा लागला.

आप्पांनी तिकीट अलीकडे आणलं नाही. व्हिसा संपेपर्यंत राहिले. त्या महिन्यांत संध्याकाळी जेवताना ते आणि बाबा त्यांच्या बोलीत बोलायला लागले. आधी थोडं, मग भरभर. मला काही कळायचं नाही. मी विचारायचे, ते शब्द सांगायचे. पंचवीस-तीस शब्द मी वहीत लिहून घेतले. त्यांतले बरेच दगडाचे, काही जेवणाचे आणि दोन शिव्या.

ऑगस्टमध्ये आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. गेलेबो आणि अस्तेरही आले होते. गेलेबोंनी आप्पांना लोकरीची टोपी दिली, आप्पांनी ती तिथल्या तिथे घातली. देश सोडताना तेव्हा एक कार्ड भरून द्यावं लागायचं. बाबा काउंटरवर वाकून ते भरत होते आणि आप्पा शेजारी उभे होते, पासपोर्ट दोन्ही हातांत धरून. नाव, जन्मतारीख, विमानाचा नंबर. मग बाबांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली.

"आप्पा, धंदा काय लिहू?"

आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. "काय लिवतोस?"

बाबांनी मोठ्या इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक अक्षर आपल्या चौकटीत बसवत लिहिलं आणि कार्ड माझ्याकडे दिलं. मी वाचून दाखवलं, "स्टोनमेसन. म्हणजे पाथरवट, आप्पा. दगडाचा कारागीर."

आप्पांनी कार्ड हातात घेतलं, ज्यातलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं ते कार्ड, डोळ्यांजवळ धरून नीट पाहिलं. मग बाबांना परत देत म्हणाले, "आक्षर झ्याक हाय. आता सही कुठं करायची ती दाव."

बाबांनी बोट ठेवलं. आप्पांनी वेळ घेऊन सही केली.